‘मी’च्या जागी ‘तो’ चालणार नाही

कादंबरीतला ‘मी’ म्हणजे मी नव्हे, हे मला स्टँप पेपरवर लिहून द्यावं लागलं. मराठीत आजवर पुष्कळ कादंबऱ्या झाल्या. त्यांतल्या कित्येक ‘मीं’नी खून केले, संसार मोडले, मित्रांना फसवलं, पण त्यांच्या लेखकांना कुणी नोटरीकडे पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो मान मला मिळाला, कारण मी भाईंदर पश्चिमेला राहतो आणि माझ्या ‘मी’ने खून केला नव्हता, पाणी चोरलं होतं. खून माणसं समजून घेतात. पाण्याचं तसं नाही.

कादंबरीचं नाव ‘वरची टाकी’. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी ती लिहिली आणि ठाण्याच्या एका प्रकाशकाने छापली, यापेक्षा जास्त पूर्वपीठिका सांगून तुम्हाला छळत नाही. कथानक साधं आहे. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणारा एक विधुर आपली कहाणी सांगतो. पाण्याची लाईन सोसायटीच्या टाकीत पडायच्या आधीच त्याने तिला चोरून मोटर लावलीय आणि मागच्या बाजूने एक पाईप थेट आपल्या स्वयंपाकघरात नेलाय. त्याची बायको आजारी पडली तेव्हा लिफ्ट बंद होती, हॉस्पिटल गाठायला उशीर झाला आणि ती गेली. लिफ्ट बंद का होती, तर चेअरमनने दुरुस्तीचे पैसे खाल्ले म्हणून. हे तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, चिडून, रडून, कधी टोमणे मारत सांगत राहतो.

यातली गोम अशी की हा माणूस खोटं बोलतो. कुठे आणि किती, ते मी कुठेही लिहिलेलं नाही. ते वाचकाने त्याच्याच बोलण्यातून हुडकायचं. ‘मी’ वापरण्यातली सगळी मौज तीच. वाचक त्या माणसाच्या खांद्यावर बसून गाव बघतो. खांदा एका बाजूला कललेला असेल तर गावही कललेलं दिसतं, आणि कललंय ते गाव नव्हे, खांदा, हे वाचकाला कधी कळतं त्यावर सगळा खेळ. हा खांदा नेमका किती कलता ठेवायचा यावर मी जी मेहनत घेतली, तिच्यात माझी पाठ कायमची गेली.

आमच्या ‘सागरछाया’ सोसायटीत पुस्तकाच्या दोनच प्रती गेल्या. एक मी मानाने चेअरमन बाळाराम भोईर यांना दिली. हे इथल्याच राई गावचे भोईर. एके काळी यांच्या वडिलांची मिठागरं होती, आता आमची इमारत उभी आहे ती जमीनही त्यांचीच. दुसरी प्रत सेक्रेटरी भूपेशभाईंच्या पत्नी सलोनीबेन यांनी मागून नेली. भूपेशभाई सोसायटीचे कागद सोडले तर गुजरातीशिवाय दुसरं काही वाचत नाहीत, पण सलोनीबेन इथल्याच मराठी शाळेत शिकल्या आणि मराठी झरझर वाचतात. त्यांनी पुस्तक एका दुपारी संपवलं आणि संध्याकाळी गच्चीवर बायकांना सांगितलं. आता सांगताना दर वाक्याला ‘कादंबरीतला नायक म्हणतो’ असं कोण म्हणत बसणार? त्या ‘आत्मारामभाई म्हणतात’ असं म्हणाल्या. झालं. सोसायटीतल्या बाकी सगळ्यांनी माझी कादंबरी या एका दुरुस्तीसह ऐकली.

पहिला फटका घरातच बसला. माझी बायको सुचेता पुस्तक घेऊन बसली आणि पहिलं पान उलटायच्या आतच तिने चष्मा काढला.

“मी गेले?” ती म्हणाली.

“अगं, ती तू नव्हेस.”

“गुडघे कुणाचे दुखतात?”

“तुझे. पण ते मी तपशील म्हणून घेतले.”

“आमटीत कोकम जास्त पडलं म्हणून नवरा कुणावर डाफरतो?”

“तोही तपशीलच आहे.”

“म्हणजे तपशील माझे आणि मरण तेवढं तिचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला नाही. चौकशी केल्यावर कळलं की गेलेल्या बायका चहा करत नाहीत. मी स्वतः करून घेतला. त्यात मी आलं घालायला विसरलो, यावर तिने स्वर्गातून बोलल्यासारखं एक शांत स्मित केलं.

त्यातच गुहागरहून विठूमामांचा फोन आला. मामांच्या गावचा एक माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडून बातमी तिकडे पोचली होती. फोन सुचेताने उचलला. पलीकडून आधी दोनदा नंबर विचारून झाला. मग मामा चाचरत म्हणाले, “सुचेता, तू गेलीस असं कळलं.”

“हो, पहिल्याच पानावर,” सुचेता म्हणाली. “हे जिवंत आहेत, देऊ का?”

मामांना मी अर्धा तास प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे काय ते समजावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “ते असू दे. पण बायकोच्या जिवावर उठून पुस्तक कशाला लिहायचं?” मी फोन ठेवला.

इकडे इमारतीत लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. त्या वर्षी पाण्याचे हाल होतेच. टँकर आला की खाली बादल्यांची रांग लागायची. मी बादली घेऊन रांगेत उभा राहिलो की मागून कुणीतरी म्हणायचं, “इनको क्या जरूरत है, इनका तो डायरेक्ट है.” समोरच्या फ्लॅटमधला कुलदीप मात्र माझ्या बाजूने होता. तो जागांचे व्यवहार करतो आणि प्रत्येक अडचणीत त्याला तोडगा दिसतो. त्याने मला लिफ्टपाशी गाठून सल्ला दिला, “अंकल, सिंपल है. बोल दो कि एआय ने लिखा है. आप फँसोगे ही नहीं.”

मी त्याला सांगितलं की त्यापेक्षा मी पाणीचोर म्हणवून घेईन. मेहनत माझी आणि नाव यंत्राचं, हे माझ्याच्याने होणार नाही. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, “फिर तो प्रॉब्लेम होगा.”

प्रॉब्लेम एका सकाळी दारात आला. पाण्याच्या कचेरीतले एक साहेब आणि त्यांच्यामागे पाना घेतलेले दोघे. साहेबांच्या हातात एका निनावी तक्रारीचा कागद होता आणि त्याला माझ्या कादंबरीतल्या एका पानाची झेरॉक्स जोडली होती. लाल पेनाने खूण केलेली. छापून आल्यापासून माझ्या लिखाणातल्या एखाद्या वाक्याखाली कुणी रेघ मारल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. क्षणभर मला बरंही वाटलं.

“हे तुम्ही लिहिलंय?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“इथे म्हटलंय, ‘मी मोटर बसवली तेव्हा सगळी इमारत झोपलेली होती.’ कुठे आहे मोटर?”

“ती कादंबरीत आहे.”

“कादंबरी कुठे आहे?”

मी कपाटातून एक प्रत काढून दिली. साहेबांनी ती हलवून पाहिली, जणू आतून काहीतरी पडेल. मग पानेवाल्या दोघांनी स्वयंपाकघर, मोरी आणि गॅलरी तपासली. पाण्याच्या फिल्टरचा पाईप त्यांनी दोनदा हुंगला. काही सापडलं नाही. सुचेताने त्या तिघांना चहा दिला. माझा चहा अजून बंदच होता.

“मोटर नाही,” साहेब कप ठेवत म्हणाले, “पण कबुली आहे. मोटर नसली तर तक्रार निकाली काढता येते. कबुली असली की काढता येत नाही. तुम्ही असं करा, एक प्रतिज्ञापत्र आणून द्या.”

नोटरीबाहेर बसणारा टायपिस्ट अनुभवी माणूस होता. त्याने मी तोंड उघडायच्या आधीच सुरुवात टाईप केली: ‘मी, आत्माराम गोविंद शिगवण, राहणार सागरछाया, शपथेवर लिहून देतो की’. मग थांबून म्हणाला, “बोला.”

“‘वरची टाकी’ या कादंबरीतील मी हा मी नाही.”

त्याने ते टाईप केलं, वाचलं, आणि मान हलवली. “असं अर्धवट नाही चालत. ‘मी हा मी नसून’ असं घेऊ. नसून कोण?”

“कुणीच नाही. कल्पित आहे.”

“कल्पित नाव टाका. आणि पत्ता.”

“त्याला नाव नाही. संपूर्ण कादंबरीत त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. ते मुद्दाम केलेलं आहे.”

“साहेब, तुम्ही मुद्दाम केलं असेल, पण फॉरमॅटमध्ये जागा सोडता येत नाही.”

मागे भाडेकरार करायला आलेल्यांची रांग वाढत होती आणि सगळे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी तडजोड झाली. ‘मी हा मी नसून मी निर्माण केलेला इसम आहे, पत्ता वरीलप्रमाणे.’ मी सही केली. आयुष्यभर विम्याचे कागद तपासलेल्या माणसाने अशा वाक्याखाली सही करावी, याची मला आजही लाज वाटत नाही, संताप येतो.

कचेरीत साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे हा इसम तुमच्याकडेच राहतो?”

“कुणी राहत नाही. मी आणि मिसेस.”

“मिसेस तर वारल्या ना?” त्यांनी झेरॉक्स चाळली.

“तुम्ही त्यांच्या हातचा चहा प्यायलात.”

हे त्यांना पटलं. पण त्यांचा एक प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून राहिला. ते म्हणाले, “पुस्तकातला ‘मी’ खोटा, असं तुम्ही म्हणता. हेही ‘मी’नेच लिहिलंय. त्या ‘मी’वर विश्वास ठेवायचा नाही आणि या ‘मी’वर ठेवायचा, असं का?”

मी कादंबरीवर बोलायला एखादा असा वाचक कित्येक दिवस शोधत होतो. मी खुर्ची पुढे ओढली आणि सविस्तर सांगणार, तोच त्यांनी स्वतःच उत्तर काढलं: “बरोबर. याला स्टँप आहे.” त्यांनी कागद फाईलला लावला आणि वर शेरा मारला, ‘सदर इसमाबाबत सोसायटीने खुलासा करावा.’

या शेऱ्यावरून सोसायटीची विशेष सभा बोलावली गेली. विषयपत्रिकेवर एकच विषय: ‘आत्मारामभाई यांचे पुस्तक’. सभेच्या आदल्या दिवशी भूपेशभाई घरी आले. माणूस मनाने वाईट नाही. कुठलंही भांडण जेवणाच्या वेळेआधी मिटलं पाहिजे एवढंच त्यांचं तत्त्व.

“आत्मारामभाई, सगळ्यांना शांत करायचा मी रस्ता काढलाय,” ते म्हणाले. “तुम्ही ‘मी’च्या जागी ‘तो’ टाका. एकच अक्षर आहे. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. नवी आवृत्ती काढा, थोडी माफी मागा, वात पूरी, विषय खलास.”

ते गेल्यावर मी खरंच करून पाहिलं. हट्टी असलो तरी मी न्यायी माणूस आहे. पहिल्या प्रकरणातली दोन वाक्यं घेतली: ‘मी नळ उघडला. पाणी माझंच होतं.’ बदलून लिहिलं: ‘त्याने नळ उघडला. पाणी त्याचंच होतं.’ दोन्ही सुचेताला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती.

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

“दुसऱ्यात काहीच भानगड नाही. पाणी त्याचं होतं, त्याने घेतलं. पहिला मात्र घाबरलेला वाटतो. स्वतःचंच पाणी असतं तर माणूस असं सांगेल कशाला?” मेथीची जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, “मला मारलंत ते मारलंत. पण हे बदलू नका.”

त्या संध्याकाळी चहा मिळाला, आल्याचा. मी काही बोललो नाही. अशा वेळी बोलणारा नवरा मूर्ख असतो.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. गाड्या हलवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एरवी गणपूर्तीअभावी सभा तहकूब होतात, त्या दिवशी भाडेकरूही आले होते. भूपेशभाईंनी ठराव वाचला: लेखकाने दिलगिरी व्यक्त करावी आणि पुढच्या आवृत्तीत ‘मी’ऐवजी ‘तो’ घालावा. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो.

“मी दिलगिरी व्यक्त करणार नाही,” मी म्हणालो. “आणि ‘मी’चा ‘तो’ही करणार नाही. घरात मोटर सापडली नाही. बायको ही इथे समोर बसलीय. पुस्तकातला माणूस चोर आहे, खोटारडा आहे, आणि तो मी नाही. पण म्हणून त्याला मी चौकात उभं करून लांबून बोट दाखवणार नाही. त्याला त्याच्या तोंडाने बोलू दिलंय, तसंच बोलेल. तुम्हाला माझं पाणी तोडायचं असेल तर तोडा.”

“पाणी आहे कुठे तोडायला?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. माझ्या भाषणाचा कळस असा वाया गेला.

मग बाळारामशेठ उठले. सगळे त्यांच्याकडे वळले, कारण खरा अपमान त्यांचाच झाला होता. पुस्तकातल्या चेअरमनला त्यांच्यासारख्याच मिश्या होत्या, तपशील म्हणून. गेले कित्येक दिवस ते पुस्तक काखेत घेऊन फिरत होते. वकिलाला भेटून आले, असंही लोक सांगत होते.

“वकिलाकडं मी गेलतो,” त्यांनी सुरुवात केली. “त्यो बोलला, शेठ, तुमची बदनामी कुठं कुठं हाय त्याच्यावर खुना करून आना. म्हनून मी आख्खं पुस्तक वाचलं. दोनदा. इथं बसलेल्यांपैकी कुनी वाचलंय?”

सलोनीबेननी हात अर्धा वर केला आणि परत खाली घेतला.

“मना एक गोष्ट समजली न्हाय. हा मानूस बोलतंय, चेअरमननी लिफ्टचं पैसं खाल्लं. मग त्याच्या बायकोला खुर्चीत बसवून चार मजलं खाली कोनी नेली? चेअरमननी. ते पन ह्योच सांगतंय. वर तक्रार काय, तर चेअरमनच्या घामाचा वास येत व्हता. पैसं खानारा मानूस असा घाम गालील?”

मागच्या कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.

“मंग मी मागली पानं काढून बघितलं, लिफ्ट बंद पडली कवा. ज्या सकाळी यानी मोटर चालू केली, त्याच सकाळी. मोटरची वायर यानी जोडली व्हती जिन्याखालच्या बोर्डावरून. लिफ्टचा बोर्ड पन त्योच. त्यो बोर्ड जलला. बायको ह्याच्याच मोटरनी गेली, आनि ह्याला ते म्हाईत हाय. ते सवताला सांगवत न्हाय, म्हनून माझ्यावर ढकलतंय.” त्यांनी पुस्तक मिटलं. “मना आधी लय राग आलता त्याचा. आता न्हाय येत. रोज पानी भरतंय आनि पित न्हाय. ते पन लिवलंय शेवटाला.”

मी खाली बसलो. ज्या वाक्यासाठी मी एवढी वर्षं घातली, ते ‘पाणी भरतो आणि पीत नाही’ हे वाक्य एका माणसाला सापडलं होतं, आणि तोही माझ्यावर दावा लावायला निघालेला माणूस. परीक्षण लिहिणाऱ्या दोघांनी, आणि प्रकाशकाने, कादंबरी ‘शहरी भ्रष्टाचारावर प्रहार’ असल्याचं म्हटलं होतं.

“मग बाळारामशेठ, ‘तो’ करायचा ना?” भूपेशभाईंनी आशेने विचारलं. घड्याळात जेवणाची वेळ होत आली होती.

“‘तो’ केलात तं मी खरंच केस टाकीन,” बाळारामशेठ शांतपणे म्हणाले. “आता ‘मी’ हाय तवर त्यो एकटा बोलतंय, त्याचं खरंखोटं त्याच्यापाशी. ‘तो’ केला की मंग लेखकच सांगतोय, चेअरमन चोर हाय म्हनून. मंग माझी इज्जत गेली.” माझ्याकडे वळून ते म्हणाले, “शिगवण, मिशी तेवडी काढा.”

मी मिशीही काढणार नाही, असं उठून सांगितलं. ते हसले. ठराव बारगळला, आणि लोक, पुस्तकात नेमकं काय आहे, असं एकमेकांना विचारत वर गेले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आठवडाभराने भूपेशभाई सभेचं इतिवृत्त घेऊन सहीला आले. ते इतिवृत्त आता त्या पाण्याच्या कचेरीत खुलासा म्हणून जायचं होतं. मी वाचलं. सगळं स्वच्छ, शुद्धलेखनासकट. शेवटचं वाक्य होतं: ‘चर्चेअंती श्री. शिगवण यांनी दिलगिरी व्यक्त केली व विषय संपला.’

“भूपेशभाई, मी दिलगिरी व्यक्त केली नाही.”

“माहीत आहे ना. मीच तर तिथे होतो,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “पण असं लिहावं लागतं. लांबच्या माणसाने बघितल्यासारखं. वाचणाऱ्याला बरं वाटतं. यात कुणी खोटं म्हणून शंका घेत नाही.”

“तेच तर,” मी म्हणालो. “पुस्तकात जमलं नाही, म्हणून माझाच ‘तो’ केलात.”

“आत्मारामभाई, दोन शब्द आहेत. सही करून टाका.”

मी पेन घेतलं. ती ओळ खोडली नाही. खोडलेलं कुणी वाचत नाही. तिच्या खाली, ठळक अक्षरात लिहिलं: ‘मी दिलगिरी व्यक्त केलेली नाही. मी ती करणारही नाही.’ आणि त्याच्याखाली पूर्ण नावाची सही केली.

भूपेशभाई कागदाकडे बघत राहिले. त्यांच्या पुढ्यात खरोखरच अडचण उभी होती. “आता कचेरीतले साहेब मला विचारतील,” ते म्हणाले. “हा ‘मी’ कुठला? तुम्ही, की पुस्तकवाला?”

सुचेता आतून पदराला हात पुसत आली. तिने कागद हातात घेऊन दोन्ही वाक्यं वाचली आणि भूपेशभाईंना परत दिला.

“हा माझा आहे,” ती म्हणाली. “हा खरं बोलतो. तसंच जाऊ दे.”